कुजबुज्या नोस्केची सुई

ॲडलेडपासून लांब, गव्हाच्या शेतांत वसलेल्या आमच्या कुराबिनमध्ये टोपणनाव ठेवायचं ते उलटं. साडेसहा फुटी माणूस असेल तर तो 'बुटक्या', टक्कल पडलेला असेल तर 'कुरळ्या', आणि पबमधली आपली खुर्ची फक्त जेवायला आणि झोपायला सोडणारा बार्नी हा 'वादळ'. तेव्हा एव्हाल्ड नोस्केला सगळा गाव 'कुजबुज्या' म्हणतो, यावरून त्याच्या आवाजाचा अंदाज यावा.

त्याचं गॅरेज आणि माझी बेकरी यांच्यामध्ये एकच पत्र्याची भिंत आहे. पलीकडून तो नुसतं "काय पाववाल्या, जिवंत आहेस का?" असं प्रेमानं विचारतो आणि माझ्या भट्टीतला स्पंजकेक मधोमध खचतो. मग मी त्या खड्ड्यात जर्दाळूचा जॅम भरतो. लोक आता तो केक मुद्दाम मागून नेतात. म्हणजे माझ्या धंद्यात त्याचा मोठा हात आहे, पण हे त्याला कळलं तर तो आणखी मोठ्यानं बोलेल म्हणून मी गप्प आहे.

कुजबुज्या बारा महिने अर्ध्या चड्डीत असतो. पायांत गुडघ्यापर्यंत ओढलेले लोकरी मोजे, पोट असं की दुरुस्तीला आलेल्या गाडीआधी तेच इंजिनाला टेकतं. गाड्या दुरुस्त करताना तो आजोबांच्या जर्मन भाषेत देवाची गाणी म्हणतो, आणि पाना निसटून बोटांवर आला की त्याच चालीत दुसरेच शब्द म्हणतो. पाद्रीबुवा म्हणतात, चाल बरोबर आहे ना, मग देव समजून घेईल.

आणि त्याच्याकडे ते व्हॅक्यूम गेज आहे.

तळहाताएवढी गोल डबी, पिवळी पडलेली तबकडी, एक बारीक सुई आणि लाल रबरी नळी. कामाला लागला त्या वर्षी घेतलेली. त्याच्या आईनं किटलीला घालायला विणलेल्या लोकरी टोपीत ती झोपते. तिला हात लावायची परवानगी कोणाला नाही. बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडतात, कान लावतात, मालकाला चार प्रश्न विचारतात. कुजबुज्या मालकाला तोंडच उघडू देत नाही.

"गप रे! तू तिचा नवरा आहेस, पेशंट नाहीस. तिला बोलू दे."

मग तो इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळकांड्यावर ती लाल नळी खोचतो, गाडी चालू करायला लावतो आणि तबकडीकडे बघत बसतो. इंजिन म्हणजे शेवटी श्वास ओढणारं जनावर, तो किती जोरात आणि किती नीट ओढतं ते सुई सांगते, एवढंच त्याचं शास्त्र. सुई अठरा-वीसवर मेंढपाळाच्या कुत्र्यासारखी निश्चल बसली, की इंजिन ठणठणीत. थोड्या थोड्या वेळानं ठरावीक झटका देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह जळालाय. खालीवर आळसात तरंगत असेल, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडलंय. आणि इंजिनाचा वेग वाढवून धरून ठेवल्यावर सुई हळूहळू, दमलेल्या माणसासारखी खाली बसत गेली, तर धूर बाहेर जायचा रस्ता कुठेतरी तुंबलाय. हे सगळं त्यानं मला भिंतीपलीकडून इतक्या वेळा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी मी म्हणून दाखवीन.

पुढे पुढे त्याला जगच त्या तबकडीत दिसायला लागलं. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की म्हणतो, "मिश्रण पातळ झालंय." बँकेतली डोरीन रागावली की, "व्हॉल्व्ह जळालाय, मी लग्नाआधीच तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं." एकदा शेजारणीच्या केर ओढायच्या यंत्रालाही त्यानं गेज लावलं. सुई पाचाच्या वर जाईना, तेव्हा बिचारीला "फार दिवसांचं नाही" असं सांगून आला. ती अजून त्याच यंत्रानं केर काढते.

पबमध्ये तर त्यानं स्पर्धाच लावली. नळी तोंडात धरून ओढायची, सुई कोण वर चढवतो बघू. गुरांचे व्यापारी, ट्रकवाले, पोलीस, सगळे गाल आत ओढून लालबुंद झाले. कुजबुज्या स्वतः सगळ्यांच्या वर. तेवढ्यात त्याची थोरली बहीण हुल्डा मीबुस पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "आण इकडे," आणि तिनं सुई अशी काही वर नेली की कुजबुज्यानं तिच्या तोंडातून नळी काढून घेतली.

"बिघडवशील!"

"तुझं गेज की तुझं नाव?" हुल्डा म्हणाली आणि आपला ग्लास उचलला.

त्या दिवसापासून हुल्डाचा त्या डबीवर विश्वास नाही, आणि कुजबुज्याचा हुल्डावर नाही. म्हणजे तसं दोघंही जाहीरपणे सांगतात. दर रविवारी चर्चनंतर तो तिच्याकडेच जेवतो.

हुल्डा गावापासून लांब, गव्हाच्या शेतांपलीकडे एकटी राहते. शेत भाड्यानं दिलंय, पण घर, कोंबड्या आणि 'गेर्टी' तिच्याकडे आहेत. गेर्टी म्हणजे तिची लोण्याच्या रंगाची जुनी यूट. मागे उघडा हौदा, पुढे लांब एकच सीट. नवऱ्यानं, ओटोनं, लग्नाच्या वर्षी घेतलेली. ओटो गेला, गेर्टी राहिली. हुल्डा तिच्यातून गावात अंडी आणते, चर्चला येते, पबला येते, आणि वाटेत जो दिसेल त्याला उचलून त्याच्या आयुष्याबद्दल सल्ले देत गावात सोडते.

आता उंदरांच्या शरदाची गोष्ट. आमच्याकडे शरद येतो नाताळ उलटून गेल्यावर, मार्च-एप्रिलात. त्या वर्षी गहू उदंड आला आणि त्याच्यामागे उंदीर. ब्रेडच्या रॅकवर, टपालपेटीत, पाद्रीबुवांच्या झग्यात, जिथे बघावं तिथे. अशा वर्षी आमच्याकडे एकच इलाज, पोलादी तारेचा काथ्या. भांडी घासायचा असतो तोच. दिसेल त्या भोकात तो कोंबायचा; उंदराचा दात त्यात चालत नाही. प्रत्येक जण आपापल्या घरची भोकं बुजवतो. कुजबुज्यानं मात्र गावाची जबाबदारी घेतली. पिंपभर काथ्या, एक झाडूचा दांडा, आणि प्रत्येक बोळ्याला तांब्याच्या तारेचा एक फास, "म्हणजे नंतर आकड्यानं ओढून काढता येतो. डोकं लागतं याला!" वरवर कोंबलेल्या बोळ्याला उंदीर हसतो, असं त्याचं मत, म्हणून दांड्यानं पार आतपर्यंत. त्यानं चर्चची पन्हळ बुजवली, पबचं गटार बुजवलं, आणि माझ्या भट्टीचं धुराडंही बुजवलं. दुसऱ्या दिवशी मी भट्टी पेटवली आणि गाव माझ्या मदतीला धावून आलं. धुरात कोणीच दिसत नव्हतं, पण कुजबुज्याचा आवाज येत होता, "उंदीर तर नाही ना आला एकही?"

त्याच शरदात हुल्डा खुराड्याच्या पायरीवरून पडली. खुबा मोडला. टपालवाला येईपर्यंत ती तिथेच कोंबड्यांमध्ये पडून होती, आणि तो आल्यावर आधी त्याला अंडी उचलायला सांगितली. इस्पितळ, नवा खुबा, मग मुलाकडे ॲडलेडला विश्रांती. ती परत आली तोवर उंदीर गेले होते.

मुलगा ट्रेंट भला माणूस आहे. शहरात हिशेब तपासतो, शर्टाला इस्त्री असते आणि आईच्या काळजीनं रात्री झोपत नाही. त्यानं आपल्या घराजवळ तिच्यासाठी एक छोटा फ्लॅट बघून ठेवला होता. तळमजला, पकडायला दांडे, खिडकीसमोर गाड्यांचा वाहनतळ.

"छान आहे रे," हुल्डा म्हणाली. "मेल्यावर येईन."

पण परत आल्यावर गेर्टीनंच दगा दिला. चालू छान व्हायची, उभ्या उभ्या शिवणयंत्रासारखी गुणगुणायची, पण रस्त्याला लागली की दम कोंडल्यासारखी. वेगच घेईना. आमच्या गावात चढ म्हणून एकच आहे, रेल्वेरुळांवरून जाणारा पूल. त्याला आम्ही 'डोंगर' म्हणतो. त्या डोंगराच्या मध्यावर गेर्टी बंद पडली. मागे गव्हाचे ट्रक खोळंबले, आणि हुल्डाला पोलिसाच्या गाडीतून घरी जावं लागलं. पोलिसानं ट्रेंटला फोन केला. तोही भला माणूस आहे. भल्या माणसांनीच तिला घेरलं होतं.

ट्रेंटनं फोनवर सांगितलं, "आई, तिथे गाडीशिवाय राहता येत नाही, हे तूच म्हणतेस. ही गाडी संपली. शनिवारी मी ट्रेलर घेऊन येतो. गाडी भंगारात, तू माझ्याकडे."

"आणि शनिवारी ती हौदा भरून डोंगर चढली तर?"

ट्रेंटनं पलीकडे हिशेब मांडला. मग म्हणाला, "तर मी पुन्हा फ्लॅटचं नाव काढणार नाही."

गेर्टी दोरानं ओढत कुजबुज्याच्या गॅरेजात आली. भिंतीला एक खिळ्याचं भोक आहे, त्यातून मला सगळं दिसतं. नसतं दिसलं तरी ऐकू आलं असतं. शिवाय भट्टी पेटल्यावर मला दुसरं काय काम?

त्यानं लोकरी टोपीतून डबी काढली, नळी खोचली. हुल्डा उलट्या ठेवलेल्या फळांच्या खोक्यावर विणकाम घेऊन बसली.

"हे बघ! एकोणीस. हलत नाही. हिचं इंजिन तुझ्यापेक्षा तरुण आहे."

"मग चढत का नाही?"

"थांब ना बाई." त्यानं वेग वाढवून धरला. सुई क्षणभर उभी राहिली आणि मग हळूहळू खाली बसू लागली. सतरा. चौदा. दहा. आणखी खाली.

भिंतीपलीकडे शांतता पसरली. नोस्केच्या गॅरेजात शांतता. मी घाबरून भट्टीतला केक बाहेर काढला.

"काय म्हणते तुझी डबी?" हुल्डानं विचारलं.

"काही नाही. चुकतेय."

"ती कधी चुकत नाही ना?"

"आज चुकतेय! धुराचा रस्ता तुंबलाय म्हणतेय. अगं, हिची धुराची अख्खी नळी, सायलेन्सरच्या डब्यासकट, नाताळात मी स्वतः नवी बसवलीय. या हातांनी! तुला भेट म्हणून! ती तुंबणार कशी?"

आणि त्या आठवड्यात कुराबिननं कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. ज्यानं आयुष्यभर सुईच्या नावानं शपथा घेतल्या, तो त्याच सुईला खोटं पाडायला निघाला. त्यानं प्लग बदलले. सुई बसली. कार्बोरेटर उघडून धुतला. सुई बसली. व्हॉल्व्हची फट मापली, ठिणगीची वेळ जुळवली, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. दर वेळी सुई एकोणीसवर उभी राहायची आणि वेग धरला की त्याच संथपणे खाली बसायची. त्यानं तबकडीवर टिचकी मारली. लाल नळी उलटी करून झटकली. एकदा तर डबी कानाला लावली.

आणि हुल्डा, जिचा त्या डबीवर कणभर विश्वास नव्हता, ती आता तिची वकील झाली.

"एव्हाल्ड, बिचारी इतक्यांदा तेच सांगतेय. ऐक ना तिचं."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"मला एवढं कळतं की खोटं बोलणारा दर वेळी गोष्ट बदलतो. तू बदलतोयस. ती नाही."

"मी बसवलेली नळी आहे ती!"

"मी तेच म्हणतेय," हुल्डा म्हणाली आणि टाके मोजू लागली.

पण तिचे टाके चुकत होते. खिळ्याच्या भोकातून मला दिसत होतं, विणत होती कमी आणि उसवत होती जास्त. शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्याकडे पाव घ्यायला आली आणि नेहमीचा मोठा न घेता अर्धा घेतला.

"उरलेला कोणासाठी ठेवू?" ती म्हणाली. मी अर्धा पाव कागदात बांधून दिला. असं तिला कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ट्रेंट ट्रेलर घेऊन दारात हजर झाला. मी पीठ लावलेल्या हातांनीच बाहेर आलो. वादळही आला होता, म्हणजे प्रसंग गंभीर होता.

"मामा, झाली का?" ट्रेंटनं विचारलं.

"होतेय! होतेय!" कुजबुज्याचे डोळे लाल झाले होते. "पोरा, फक्त दुपारपर्यंत थांब. मी इंजिनच बाहेर काढतो."

"मामा, मला आनंद होत नाहीये रे हे करताना." ट्रेंटचा आवाज खरंच रडवेला होता. "ती खुराड्यात पडली होती ना, ते मला रोज रात्री दिसतं. उद्या रस्त्यात गाडी बंद पडली, फोन लागला नाही, तर?" त्यानं ट्रेलरची साखळी सोडली.

हुल्डा खोक्यावरून उठली. नवा खुबा सांभाळत गेर्टीच्या मागे गेली आणि धुराच्या नळीपाशी काठी टेकून उभी राहिली.

"मला वाकता येत नाही. पाववाल्या, तू वाक."

"हुल्डा, वेळ घालवू नकोस! तिथे काही नाही!" कुजबुज्या ओरडला. माझ्या बेकरीत काहीतरी खचल्याचा आवाज आला.

मी वाकलो. नळीत काळोख होता. भट्टीतून ट्रे ओढायचा माझा लांब आकडा आणला आणि आत घातला. बऱ्याच आत, पार आत, कशाला तरी आकडा अडकला. मी ओढलं. काजळीनं काळा पडलेला काथ्याचा एक बोळा माझ्या पायांवर पडला. मग दुसरा. मग तिसरा, जादूगाराच्या खिशातून रुमाल निघावेत तसे. प्रत्येकाला तांब्याच्या तारेचा नीटस फास होता.

असले फास गावात सगळ्यांनी पाहिले होते. मी माझ्या धुराड्यातून चार काढले होते.

सगळ्यांनी हळूच माना वळवल्या. कुजबुज्या त्या बोळ्यांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग एकदम सगळं आलं. हुल्डा इस्पितळात होती, गेर्टी शेडमध्ये एकटी उभी होती, बहिणीच्या गाडीत उंदीर शिरू नयेत म्हणून तो मुद्दाम एवढ्या लांब गेला होता, दांडा घेऊन. काथ्यातून थोडा थोडा धूर जायचा, म्हणून गेर्टी उभ्या उभ्या चालू राहत होती. जोर लावला की गुदमरत होती.

"मीच," तो म्हणाला.

हे तो खरोखर कुजबुजला. पुढे उभ्या असलेल्या वादळाला ऐकू आलं नाही, त्यानं विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, डबी खरी होती," हुल्डा म्हणाली. तिनं भावाकडे पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं आणि डोळ्यांत पाणी. त्यातलं कुठलं दाखवायचं हे न ठरल्यामुळे तिनं रुमाल काढून नाक शिंकरलं. "लाल नळी खोच. बघू."

नळी खोचली. वेग धरला. सुई एकोणीसच्या आसपास उभी राहिली आणि हललीच नाही. कुजबुज्यानं टोपी काढून छातीशी धरली, चर्चमध्ये धरतात तशी.

"हौदा भरायचा ठरला होता," ट्रेंट म्हणाला. माणूस हिशेबाचा पक्का.

भरायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून माझी पिठाची पोती टाकली. सगळी. वर वादळ स्वतःहून चढून बसला. तो वजनाला उपयोगी आहे. ट्रेंट आईच्या शेजारी बसला, आणि त्याच्या मांडीवर, लांब नळी लावून खिडकीतून आत घेतलेलं गेज. "तू आकडे बघ," हुल्डा म्हणाली. "तुझं कामच आहे ते."

आम्ही बाकीचे पुलाच्या पायथ्याशी उभे राहिलो. कुजबुज्या माझ्या शेजारी, माझा दंड धरून. दुसऱ्या दिवशी तिथे पाच निळ्या खुणा होत्या.

गेर्टी चढाला लागली. मध्यावर, जिथे मागे बंद पडली होती, तिथे जरा गुरगुरली, आणि हुल्डानं गियर बदलला. पिठाचा एक पांढरा ढग मागे उडाला, त्यात वादळ दिसेनासा झाला. ढग विरला तेव्हा गेर्टी माथ्यावर होती. तिथे थांबायचं ठरलं होतं. हुल्डा थांबली नाही. पुलापलीकडे उतरली आणि शेतांच्या रस्त्यानं सरळ घरी निघून गेली, मुलासकट, वादळासकट, आणि माझ्या सगळ्या पिठासकट. त्या रविवारी कुराबिनला पाव मिळाला नाही.

ट्रेंटनं शब्द पाळला. जाताना त्यानं रिकामा ट्रेलर नेला आणि आईच्या गळ्यात अडकवायला एक धोक्याची घंटा देऊन गेला, बटण दाबलं की वाजणारी. हुल्डा ती वापरते. कोंबड्यांना दाणे घालायची वेळ झाली की दाबते.

गेज मात्र तिनं परत दिलं नाही.

"ज्यानं तिला खोटं ठरवलं त्याच्याकडे ती राहणार नाही," तिनं सांगितलं. "ज्यांनी तिचं ऐकलं त्यांच्याकडे राहील. लागली की इथे ये."

आणि तो जातो. मंगळवार आणि गुरुवार ठरवलेत. कोणाचं इंजिन कुरकुरायला लागलं की आता गाड्यांची रांग गॅरेजात लागत नाही, शेतांपलीकडे हुल्डाच्या अंगणात लागते. कुजबुज्या नळी खोचतो, पण तबकडी असते हुल्डाच्या मांडीवर, व्हरांड्यात.

"काय म्हणते?" तो खालून ओरडतो.

हुल्डाच्या तोंडात स्वतः भाजलेल्या केकचा घास असतो. ती तो सावकाश चावते. गिळते. चहाचा घोट घेते.

"अगं, काय म्हणते?"

"तू जरा हळू बोल म्हणते," हुल्डा सांगते, आणि मग आकडा.

सगळे सुखी आहेत, एक मी सोडून. मंगळवारी आणि गुरुवारी भिंतीपलीकडे सामसूम असते. स्पंजकेक सपाट, गुळगुळीत, पुस्तकात दाखवतात तसे फुगतात, आणि गिऱ्हाईक काउंटरवर बोट टेकवून विचारतं, "खड्डा कुठाय? जॅम कुठे भरणार मग?"

म्हणून त्या दोन दिवशी, केक नेमका फुगून वर आला की, मी भट्टीचं दार स्वतःच आपटतो.